अर्ध्या वाटेवरचा बाक

ता. १२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, तेव्हा सगळं ठीक असणार असं धरून चालतो. फोनच करणार होतो, पण फोनवर ठरलेलं तू सोयीने विसरतोस आणि मग मी खोटा पडतो. कागदावर असलेलं बरं.

मुद्दा ताईचा. तिचे माझ्याकडचे सहा महिने तीस तारखेला संपतात. गेल्या खेपेला तू तिला न्यायला चार दिवस उशिरा आलास. मी काही बोललो नाही, पण तुझी वहिनी ते चार दिवस अजून मोजते. या खेपेला तसं नको. म्हणून मी एक सुचवतो. एक मे रविवार आहे, घाटातला बर्फही तोवर वितळलेला असतो. तुम्ही तुमच्या बाजूने घाट चढा, आम्ही आमच्या बाजूने चढतो. दोन्ही रस्ते त्या विसाव्यापाशी एकत्र येतात, जिथे कठडा आणि कॅन्टीन आहे. तिथून वर तासाभरात ते जुनं गाव. दगडी गल्ल्या, लाकडी सज्जे, चौकात घड्याळाचा मनोरा, सगळं अजून जसंच्या तसं आहे म्हणतात. एक रात्र राहू आणि सोमवारी परत. सहलीची सहल होईल आणि ताईची पोचवणीही होईल. विसाव्यापाशी तिला तुझ्या गाडीत बसवू. पहिल्या मेपासून ती तुझी.

ते घड्याळ पाहायचं टुमणं तिने माझ्यामागे वर्षानुवर्षं लावलंय, ते एकदाचं मिटेल. तिचा डावा डोळा गेलेलाच आहे. उजव्यातही काचबिंदू पुढे सरकतोय. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, फार तर तीन-चार महिने. मी पडलो दातांचा, डोळ्यांत माझं काही चालत नाही. घरात मात्र चाललंय ते असं, की परवा तिने वहिनीचा काचेचा जग फोडला. तेव्हापासून तिला प्लास्टिकचा पेला दिलाय. तू आधीच आणून ठेव.

हे पत्र जपून ठेव. लोभ आहे तेवढा पुरवून वापर.

तुझा,
दादा


ता. १६ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

थोरल्याने तुला कळवलंच असेल. मला त्याने काल जेवताना सांगितलं, आणि माझा घास हातातच राहिला. चाळीस वर्षं मी म्हणते आहे की मला त्या मनोऱ्यात चढायचंय. तुम्ही दोघं चाळीस वर्षं म्हणताय की जाऊ. शेवटी माझ्या डोळ्यांनीच तुम्हाला घाई केली म्हणायची.

तू लहान होतास, तुला बाबांचं बोलणं आठवत नसेल. दुकानातल्या टेबलाखाली बसून घड्याळाच्या किल्ल्या गिळण्यात तुझं बालपण गेलं. बाबा लग्नाआधी आठ महिने त्या गावात होते. त्यांच्या उस्तादाबरोबर ते मोठं घड्याळ त्यांनी सगळं सुटं करून पुन्हा जोडलं. घड्याळजी ज्या घड्याळाला हात लावतो त्याच्या आतल्या बाजूला आपली एक बारीक खूण कोरतो. गिऱ्हाइकाला ती कधी दिसत नाही, पुढच्या घड्याळजीला दिसते. बाबांनी त्या मनोऱ्यातल्या मोठ्या चाकावर मागच्या बाजूला आपली पहिलीवहिली खूण कोरली. उस्तादाने थोबाडीत दिली आणि मग दोघांना चहा मागवला. बाबांची खूण कोणती हे तुम्हा दोघांना सांगायला नको.

बाबांमागे तीस वर्षं मी दुकान चालवलं. त्यातून थोरल्याचे दात झाले आणि तुझा फरशांचा धंदा झाला. हजारो घड्याळं उघडली, त्यांतल्या किती तरी घड्याळांत बाबांची खूण भेटली, पण पहिली राहिली. ती एवढी पाहिली की उजव्या डोळ्याने खुशाल जावं. हे मी थोरल्याला म्हटलं, तर तो म्हणाला अभद्र बोलू नये, आणि पेपर उघडून बसला.

त्या घड्याळाची खोली महिन्याच्या पहिल्या रविवारीच उघडते, दुपारी बारा ते दोन. म्हणजे विसाव्यावरून आपण उशिरात उशिरा अकराला निघायला हवं. हे तुझ्या बायकोलाही सांग. तिला केस विंचरायला जो वेळ लागतो त्यात मी तीन अलार्म दुरुस्त करते.

माझी पेटी भरून झाली. चार कपडे आणि सगळी हत्यारं. तुझ्याकडे मला ती फरशांच्या नमुन्यांची खोली चालेल. फक्त खोके दारातून सरकवून ठेव, मागच्या खेपेला गुडघा फुटला होता.

माझ्यावर माया आहे ती एक मेला गाडीत घालून आण.

तुझी,
ताई


ता. ३ मे
मुक्काम : घाटाखालची बेकरी

चि. थोरला व चि. धाकटा यांस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही काळजीत असाल, म्हणून आधी खुशाली. मी धडधाकट आहे. पत्ता वर लिहिला आहे. एकच मजकूर दोघांना धाडते, म्हणजे कुणाला जास्त लिहिलं असं व्हायला नको.

दहा चाळीसला आपण विसाव्यावर थांबलो. मी वहिनीला विचारून कठड्याच्या टोकापर्यंत गेले. ती म्हणाली, जा की, वेळ आहे. माझ्या डोळ्याला आता किल्लीच्या भोकातून दिसावं तेवढंच दिसतं, पण त्या भोकातही डोंगर मावला. अकरा वाजून चार मिनिटांनी मी वळले. तेव्हा थोरल्याची गाडी सुटत होती आणि तिच्यापुढे धाकट्याची. मी रस्त्यात येऊन रुमाल हलवला.

मग कॅन्टीनपाशी बाक आहे, त्यावर बसले. तिथे फोन लागत नाही. कॅन्टीनवाल्याला म्हटलं, पुढच्या वळणावर लक्षात येईल. त्या बाकावरून अकरा वळणं दिसतात. मला धूसर दिसतं म्हणून तो मोजून सांगत होता. अकराही वळणांवर दोन्ही गाड्या एकीमागे एक होत्या. बारा वाजता मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, आता दार उघडलं. दोन वाजता म्हटलं, आता लागलं. पाचला त्याने कॅन्टीन बंद केलं.

रिकामे ट्रे न्यायला पावाची गाडी आली. ती विसाव्यापर्यंतच चढते आणि परत खाली जाते. त्या माणसाने मला पुढे बसवलं. थोरल्याच्या घराला कुलूप आणि धाकट्याच्याही, मग जायचं कुठे, तर त्याच्या बेकरीवर आले. बेकरीवाली बाई तोंडाने फटकळ आहे पण पलंग मऊ दिला. तिने विचारलं, भाऊ किती. दोन सांगितल्यावर पुढे काही विचारलं नाही. मीच आपणहून सांगितलं की दोन गाड्या असल्या की असं होतं, याला वाटतं ती त्याच्याकडे आणि त्याला वाटतं ती याच्याकडे. तुमची बाजू मांडून बसले आहे, तेव्हा येऊन मला खरं करा.

पाच जूनला पुन्हा पहिला रविवार आहे. बेकरी घाटाच्या वाटेवरच पडते, म्हणून तोवर इथेच थांबते. पाववाला म्हणाला, तो नेईल एखाद्या रविवारी. मी म्हटलं, नको, माझे भाऊ न्यायला येतील.

पेटी तेवढी नीट पोचली असेलच.

तुमची आठवण मी काढतेच, तुम्हीही अधूनमधून माझी काढत जा.

तुमची,
ताई


ता. ७ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

ताईचं पत्र तुलाही आलं असेल. मिनिटामिनिटाचा हिशेब दिलाय, घड्याळजीणच ती. आता खापर कुणाच्या डोक्यावर, हे आधी ठरवू.

तुझं पत्र मी जपून ठेवलंय, तूच सांगितलं होतंस. त्यात लिहिलंय, विसाव्यापाशी तिला तुझ्या गाडीत बसवू. जाताना की येताना, ते लिहिलेलं नाही. कुठलाही शहाणा माणूस येताना असंच समजेल, कारण येताना ती माझ्या घरी यायची होती. तू तिची पेटी स्वतः उचलून माझ्या डिकीत ठेवलीस. मला वाटलं, वहिनीच्या बॅगांना जागा करतोयस. पेटी आली म्हणजे माणूस आलं असं नसतं, दादा.

खरं सांगायचं तर तिसऱ्या वळणावर हिने मागे पाहिलं आणि विचारलं, ताई दादांकडे आहेत ना. मी म्हटलं, असणारच. ही म्हणाली, बरं झालं, तासभर तरी कुणी किती वाजले ते सांगणार नाही. मग आम्ही गाणी लावली. हे मी तुला विश्वासाने सांगतोय.

आणि बागेतल्या त्या हॉटेलात? टेबलाला पाच खुर्च्या होत्या. वेटरने रिकाम्या खुर्चीकडे पाहून विचारलं, तेव्हा हातानेच नेऊ दे म्हणून खुणावलं कुणी? तू. मला वाटलं, तू तिला खोलीवर झोपवून आलास. सूप संपेपर्यंत मी गप्प होतो, हे कबूल. पण दुपारी घाट वर येणाऱ्यांसाठीच उघडा असतो, खाली जाता येत नाही, हे कळल्यावर सर्वांत आधी दुसरी प्लेट कुणी मागवली तेही आठव.

पेटी माझ्याकडे आहे. जड आहे आणि हलवली की आत टिकटिकतं. ही म्हणते, अंगावर काटा येतो.

तुझ्या लोभाची सावली आमच्यावर राहो, गाडीची नाही राहिली तरी.

तुझा,
धाकटा


ता. ९ मे

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वहिनीच्या हाती पडता पडता वाचलं. असलं काही लिहायचं असेल तर दवाखान्याच्या पत्त्यावर लिहीत जा.

जाताना की येताना, हा वाद वकिली आहे. पहिला मे विसाव्यावर उजाडलेलाच होता, तेव्हा ती तुझीच होती. तू विश्वासाने लिहिलंस म्हणून मीही लिहितो. गाडी सुटल्यावर मला ती आरशात दिसली होती. रुमाल हलवत होती. मला वाटलं, आम्हाला निरोप देते आहे आणि आता तुझ्या गाडीत बसेल. तुझी गाडी माझ्या पुढे होती हे नंतर ध्यानात आलं. तेव्हा सातवं-आठवं वळण असेल. वहिनी म्हणाली, आता मागे फिरलं तर तिचं सगळ्या वाटेभर ऐकून घ्यावं लागेल. हे पत्र जपून ठेवू नकोस.

आता तिची समजूत काढायला हवी. आपण मनोऱ्यात चढलो नाही हे तिला कळायचं कारण नाही. दोघांनी वेगवेगळं लिहू की आपण वर गेलो, तिच्या वतीने बाबांची खूण पाहिली आणि डोळे भरून आले. आद्याक्षरंच असणार, दुसरं काय कोरणार माणूस? खूण पाहिली गेली म्हणजे पुन्हा घाट चढायचा प्रश्न उरत नाही. तारीख मात्र कुठलीच देऊ नकोस. न्यायला जाणं तुझ्याकडे लागतं, तेव्हा तुझं तू ठरव.

माझ्या मनात तुझ्याविषयी काही नाही, तसंच तुझ्याही मनात नसू दे.

तुझा,
दादा


ता. १२ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झाल्या प्रकाराने मन फार खट्टू झालं. वहिनी दोन दिवस नीट जेवली नाही. पण एका गोष्टीचं समाधान तुला द्यायचंय. आम्ही मनोऱ्यात चढलो होतो. मोठ्या चाकावर उजव्या अंगाला बाबांच्या नावाची दोन अक्षरं आहेत, चांगली खोल कोरलेली. मी त्यांवरून हात फिरवला आणि मला तुझी आठवण झाली. तू पाहिलंस काय आणि आम्ही पाहिलं काय, एकच. आता जिवाला लावून घेऊ नकोस. बेकरीची हवा चांगली असते म्हणतात. डोळ्यांचे थेंब वेळेवर घाल.

तुझी माया आमच्यावरून उतरू नये एवढंच मागणं.

तुझा,
थोरला


ता. १४ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ताई, तू विचारशील म्हणून आधीच सांगतो, पेटी सुखरूप आहे. फरशांच्या खोलीत तुझ्या जागी ठेवली आहे आणि खोके दारातून सरकवलेत.

बाबांची खूण पाहिली बरं का. घंटेच्या खाली, आतल्या बाजूला. नाव, साल आणि बाजूला एक छोटंसं फूल. हिने तर हात जोडले. तू असतीस तर आम्हाला तासभर भाषण दिलं असतंस, ते मात्र चुकलं. तुला न्यायचं नक्की आहे. गाडीचं थोडं काम निघालंय, तेवढं झालं की बघू.

रागावलीस तरी लाडका मीच, हे विसरू नकोस.

तुझा,
धाकटा


ता. ६ जून

चि. थोरला व चि. धाकटा यांस,
अनेक आशीर्वाद.

काल पहिला रविवार होता. मी नऊलाच तयार होऊन बेकरीच्या पायरीवर बसले होते. बेकरीवाली म्हणाली, आत या, ऊन लागेल. मी म्हटलं, गाडी आली की माझ्यामुळे खोळंबायला नको. दोन वाजता आत गेले.

खुणेबद्दल वाचलं. अक्षरं आता नीट लागत नाहीत, म्हणून तुमची दोन्ही पत्रं मी तिच्याकडून दोनदा वाचून घेतली. दुसऱ्यांदा ती वाचायला तयार नव्हती.

इथे वेळ बरा जातो. भट्टीजवळचं भिंतीवरचं घड्याळ पिठाने बंद पडलं होतं, ते भाजी चिरायच्या सुरीने उघडून सुरू केलं. हत्यारं असती तर लाज वाटली नसती. दिसणारं भोक रोज थोडं आवळतंय. अजून चेहरा दिसतो, पण आधी नाक पाहायचं, मग डोळे, मग ते मनात जोडायचे. मोठं चाक असं तुकड्यातुकड्यानेही पाहता येईल, मला घाई नाही. पण फार उशीरही करू नका.

तीन जुलैला दोघांपैकी कोण येणार तेवढं एका ओळीत कळवा.

मी वाट पाहते आहे हाच माझा लोभ समजा.

तुमची,
ताई


ता. २५ जून

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ताईचं पत्र पोचलं. तू तुझ्या पत्रात म्हणतोस की बेकरी माझ्या बाजूच्या पायथ्याला आहे, तुझ्यापासून तिप्पट लांब, म्हणून तिला मी न्यावं. जागा माझ्या बाजूची आहे हे मान्य, पण महिने तुझे आहेत. आज मी जागा पाहून गेलो, तर उद्या तू महिने पाहणार नाहीस. एकदा नियम मोडला की तिचीच आबाळ होईल. तिच्या हिताचा विचार आपण नाही करायचा तर कुणी करायचा?

तीन तारखेला मला तीन दाढा काढायच्या आहेत. तिला मी, धाकटा येईल बहुतेक, असं कळवलं आहे.

तुझ्या प्रेमावर विसंबून आहे.

तुझा,
दादा


ता. ९ ऑगस्ट

दातांचे डॉक्टर व त्यांचे धाकटे बंधू यांसी,
स. न. वि. वि.

मी बेकरीवाली. मला छान छान लिहिता येत नाही, तेव्हा सरळ लिहिते. तुमच्या बहिणीने लिहू नको म्हटलंय, तिला हे सांगू नका.

तीन रविवार झाले. जूनचा, जुलैचा आणि परवाचा. तीन वेळा ती केस विंचरून, बूट घालून पायरीवर बसली. जुलैत तुमच्यातल्या एकाने दुसरा येईल बहुतेक असं लिहिलं होतं, म्हणून तिने वाटेत खायला तुमच्यासाठी सहा बन बांधून घेतले. ते संध्याकाळी आम्ही कोंबड्यांना घातले.

माझा नवरा प्रत्येक वेळी म्हणतो, चला मी नेतो, विसाव्यापुढे पाव पोचवायचा नसला म्हणून रस्ता थोडाच संपतो. ती म्हणते, त्यांनी कबूल केलंय, ते येतील आणि मी नसेन तर त्यांना वाईट वाटेल. मी म्हटलं, वाटू दे. त्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

परवाच्या रविवारी ती पायरीवर बसली तेव्हा मी तिच्यासमोर उभी होते. तिने मला विचारलं, बाई, उजाडलं का. साडेनऊ वाजले होते आणि ऊन तिच्या तोंडावर होतं.

तुम्हाला काय म्हणावं ते मला पत्रात लिहिता येत नाही. ओळख आहे तेवढी पुरे.

बेकरीवाली


ता. ४ ऑक्टोबर

चि. थोरला व चि. धाकटा यांस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बेकरीवालीचं आहे, मजकूर माझा. मधूनमधून ती आपलं काही घुसडेल म्हणून मी तिला वाचून दाखवायला लावणार आहे.

परवाच्या रविवारी मी मनोऱ्यात जाऊन आले. पाववाल्याने नेलं. तुम्ही सांगितलं नव्हतं, वर एकशे सदतीस पायऱ्या आहेत. तो पुढे आणि मी त्याचा पट्टा धरून मागे. वाट फार सुंदर होती असं तो म्हणाला. बाकापाशी गाडी हळू करून त्याने विचारलं, थांबायचं का. मी म्हटलं, इथे माझं बसून झालंय.

वर घड्याळ राखणारा म्हातारा आहे. त्याने माझा हात धरून मोठ्या चाकावर ठेवला. चाक माझ्या खांद्याएवढं उंच आणि थंडगार. मी मागच्या बाजूला बोटं फिरवत गेले. अर्धा तास गेला. मग नखाला लागली. एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन ठिपके. बाबांचीच. बाबांनी जन्मात कधी अक्षरं कोरली नाहीत आणि फूलही कोरलं नाही. तुम्ही दहावी पास झालात तेव्हा त्यांनी दुरुस्त करून दिलेली घड्याळं अजून तुमच्या मनगटांवर आहेत. पाठ उघडून पाहा. तीच रेघ, तेच तीन ठिपके. चाळीस वर्षं ती खूण तुमच्या कातड्याला लागून आहे आणि तुम्ही मला फुलं सांगता.

म्हाताऱ्याने वही काढून वाचली. एक मेला वर कुणीच आलं नव्हतं. मी त्याला विचारलंही नव्हतं, मी फक्त माझे भाऊ येऊन गेले म्हणाले.

मला तुमचा राग आला आहे. तो सांगायलाच हवा, नाहीतर तुम्ही म्हणाल ताईने मनावर घेतलं नाही. विसरलात त्याचा नाही. माणूस विसरतं. माझ्या डोळ्यांत चार महिने होते, ते तुम्ही एकमेकांवर ढकलण्यात घालवलेत, त्याचा राग आहे. आणि मी ते तुमच्या वाटेवर बसून घालवले, त्याचा माझ्यावरच आहे.

म्हाताऱ्याला आता बारीक आवाज ऐकू येत नाहीत आणि घड्याळ अडखळतं ते त्याला कळत नाही. मला कळलं. आठवड्यात चार मिनिटं मागे पडतं. त्याने मला खालची खोली देऊ केली आहे. त्याचे डोळे आणि माझे कान मिळून एक धड घड्याळजी होतो. पुढच्या महिन्यात मी तिकडे जाते. तुमची सहा-सहा महिन्यांची आळीपाळी माझ्यापुरती संपली, सुटलात.

एकच द्या. माझी पेटी. त्यात बाबांची हत्यारं आहेत. ती हाताला ओळखीची आहेत, त्यांना डोळे लागत नाहीत. नव्या हत्याराने आता मला काही जमणार नाही. पेटी मिळाली तर मी काही तरी आहे, नाही तर खालच्या खोलीतली आंधळी बाई. बेकरीच्या पत्त्यावर महिनाअखेरपर्यंत पाठवा.

यापुढे लोभ ठेवलात तर तो तिथेच ठेवा, पेटी पाठवा.

तुमची,
ताई


ता. २० ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तिचं पत्र वाचलं आणि दवाखान्यातल्या टोकदार हत्याराने घड्याळाची पाठ उघडली. ती म्हणते ते खरं आहे, रेघ आणि तीन ठिपके. उघडताना काहीतरी सरकलं असावं, घड्याळ तिथेच थांबलं. बाजारात तिघांना दाखवलं, हात लावायला कुणी तयार नाही. सगळे म्हणतात, हे काम करणारी एक बाई होती.

पेटीचं बघायला हवं. एकतीस ऑक्टोबरपर्यंत ती तुझ्याकडे राहणार, एक नोव्हेंबरपासून माझ्याकडे. ताई नसली तरी नियम आहे. तूच पाठवलीस असं व्हायला नको, मीच पाठवली असंही नको. तेव्हा एक तारखेला तू ती विसाव्यापर्यंत आण. तिथून पुढचं बघू.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझा,
दादा


ता. ३ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कागदावर होतं तसंच केलं, म्हणजे तुला बोलायला जागा नको. मंगळवारी साडेदहालाच विसाव्यावर पोचलो. हीसुद्धा बरोबर होती. घाट या दिवसांत फार देखणा दिसतो, तिने खूप फोटो काढले. तुझी वाट पाहिली. अकराला ही म्हणाली, बारा वाजले की खाली जायचा रस्ता बंद होतो, दादा येतीलच. मलाही ते पटलं. पेटी बाकावर ठेवली, मधोमध, आल्या आल्या दिसेल अशी. निघताना आरशात पाहिलं तर ती बाकावरच होती.

कॅन्टीनला कुलूप होतं. पाटी लावलीय की आता थेट मार्चमध्ये उघडणार, तोवर पावाची गाडीही वर येणार नाही. परतताना आमच्या बाजूला बर्फाची भुरभुर सुरू झाली होती, तुमच्या बाजूला नसेल.

काल बेकरीवालीचा फोन आला. ताई विचारते आहे, पेटी कुणाकडे आहे. मी सांगितलं, दादाकडे.

तू नेलीस ना?

आपल्या दोघांत कधी काही आलं नाही, ते पुढेही येऊ नये.

तुझा,
धाकटा